खोहीतलं पाणी आणि तुझी नवी फिल्टरची बाटली

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की दिवाळीनंतर तुम्ही आठ जण इंदूरजवळच्या काजलीगढकडून खाली उतरून चोरलच्या खोऱ्यात दोन दिवस आणि एक रात्र काढणार, पाणी तिथल्याच नाल्यातलं घेणार, एकाने 0.1 मायक्रॉनची फिल्टरची बाटली आणलीय, व्हिडिओत तर लोक सरळ ओढ्यात बाटली बुडवून तोंडाला लावतात, मग उकळणं न् गोळ्या ही भानगड कशाला? आणि आजी म्हणते तशी तुरटी फिरवून फडक्याने गाळलं तर नाही का चालणार?

सांगते, पण जरा लांबेल. मी 14 वर्षं पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम केलंय आणि त्याच्याही आधीपासून पोरांना घेऊन महू, मानपूर, चोरलच्या जंगलात फिरतेय, आणि ह्याच बाबतीत माझ्या हातून एक चूक झालीय जिचा त्रास दुसऱ्यांच्या पोरांना झाला. म्हणून घाईघाईत "हो चालेल" असं मी कुणालाच सांगत नाही.

आधी हे बघ की ते व्हिडिओ कुठले आहेत. बहुतेक अमेरिकेतले, नाहीतर आपल्याकडचे हिमालयातले. तिथे माणूस चढत चढत पाण्याच्या उगमाकडे जातो, जितकं वर जाल तितकी वस्ती कमी, शेती कमी, गुरं कमी. आपल्या इंदूरला नेमकं उलटं आहे. आपण राहतो माळव्याच्या पठारावर, साधारण 550 मीटर उंचीवर, आणि फिरायला जातो ते पठाराच्या कडेवरून खाली. पाताळपाणी घे, तिंछा घे, मेहंदी कुंड घे, शीतलामाता घे, हे सगळे धबधबे म्हणजे पठारावरचं पाणी जे काठावरून खाली निमाडच्या बाजूला पडतं तेच. म्हणजे धबधब्याच्या डोक्यावर जंगल नसतं, गावं असतात, शेतं असतात, म्हशींचे गोठे असतात आणि सकाळी नाल्याकाठी बसणारी माणसंही असतात. "डग डग रोटी, पग पग नीर" असं आपण माळव्याचं कौतुक करतो ते खरंच आहे, पण जिथे डग डग रोटी तिथे डग डग माणूस पण आलाच ना, आणि त्या माणसाच्या पायाखालून वाहून आलेलं पाणी खोहीत, म्हणजे खालच्या दरीत उतरून आपण ओंजळीने पितो. खाली दाट सागवान दिसतं, मोरांचा आवाज येतो, पाणी काचेसारखं असतं, आणि मनाला वाटतं की इथे कोण येतं घाण करायला! घाण करणारा वर तीन किलोमीटरवर असतो, तो आपल्याला दिसत नाही एवढंच.

आता ह्याचा तुझ्या फिल्टरशी काय संबंध ते बघ. त्या बाटलीत बारीक पोकळ धाग्यांचा जुडगा असतो, धाग्याच्या भिंतीला 0.1 मायक्रॉनची छिद्रं. पाण्यातले परजीवी, म्हणजे जिआर्डिया साधारण 8 ते 12 मायक्रॉन आणि क्रिप्टोस्पोरिडियम 4 ते 6 मायक्रॉन, हे आरामात अडतात. कॉलरा, टायफॉइड, जुलाबाचे जीवाणू अर्धा ते दोन-तीन मायक्रॉनचे, तेही अडतात. पण काविळीचे विषाणू, हिपॅटायटिस ए आणि ई, हे 0.03 मायक्रॉनच्या आसपास असतात. गव्हाच्या चाळणीतून मैदा जसा सरसर खाली जातो तसे ते जातात. रोटाव्हायरस, नोरोव्हायरस हेही तसेच निघून जातात. माणसांना होणाऱ्या काविळीचे हे विषाणू पाण्यात येतात ते मुख्यतः माणसाच्याच विष्ठेतून, त्यामुळे जिथे वर वस्तीच नाही तिथे ह्यांची भीती कमी आणि ते लोक नुसत्या फिल्टरवर निभावून नेतात. तो फिल्टर खोटा नाहीये, तो त्यांच्या डोंगरासाठी पुरेसा आहे, आपल्या खोहीसाठी अर्धाच आहे.

हे मला पुस्तकातून माहीत होतं तरी मी चुकले. 2011 च्या ऑक्टोबरमधली गोष्ट, शाळेची 22 पोरं होती, मानपूरच्या बाजूला एक रात्र मुक्काम. माझ्याकडे तेव्हा नवाच फिल्टर आलेला, बाहेरून कुणीतरी आणून दिलेला, आणि मी खूश होते की चला, आता पाणी उकळायचा अर्धा दिवस वाचला. पाणी गाळलं, दिलं, दुसऱ्या दिवशी सगळे ठणठणीत घरी गेले. जवळजवळ पाच आठवड्यांनी एका मुलाच्या आईचा फोन आला, की ताई, ह्याचे डोळे पिवळे झालेत, डॉक्टर विचारतायत महिन्याभरापूर्वी बाहेरगावी कुठे गेला होता का. चार दिवसांनी दुसरा फोन. दोघं बरे झाले, पण एकाची सहामाही बुडाली आणि तो दोन महिने मूगडाळीच्या पाण्यावर होता. ते पाणी आमच्याच बाटलीतलं होतं हे कुणी सिद्ध केलं नाही, करताही आलं नसतं, पण मला विचारशील तर मला शंका नाही. त्या दिवसापासून माझा एकच नियम आहे की आपल्या इकडच्या पाण्याला दोन कामं लागतात, आधी ते नितळ करायचं आणि मग त्यातलं मारायचं. एकावर कधीच भागवायचं नाही.

हे पाच आठवडे लक्षात ठेव, कारण लोक तिथेच फसतात. कॉलरा काही तासांपासून ते पाच दिवसांत दिसतो, टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात, जिआर्डियालाही तेवढेच, हिपॅटायटिस ए साधारण महिन्याभराने आणि ई तर दोन ते दहा आठवड्यांत कधीही. तोवर माणूस ट्रेक विसरून गेलेला असतो, तो आदल्या दिवशी सराफ्यातल्या खाऊगल्लीत खाल्लेल्या कशालातरी दोष देतो. आणि खोहीतलं पाणी पिऊन आलेले शंभर जण सांगतात की "आम्ही तर नेहमी पितो, काही होत नाही".

आता आजीचं फडकं. आजीला उडवून लावू नकोस, ती जे सांगतेय त्याच्यामागे फार मोठी गोष्ट आहे. नारू माहितीये का तुला? तुमच्या पिढीने नावही ऐकलं नसेल. पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचे, आठवडे जायचे. आपल्या मध्य प्रदेशातही होता. तो पसरायचा बावडीच्या पाण्यातून, जंत निघालेला पाय घेऊन माणूस पायऱ्या उतरून पाण्यात गेला की अळ्या पाण्यात, त्या अळ्या खाणारा एक बारीकसा पाणकिडा असतो सायक्लॉप्स नावाचा, मिलीमीटरभराचा, तो पाण्याबरोबर पोटात गेला की वर्षभराने नारू. ह्याच्यावर औषध नव्हतं, लस नव्हती. गावोगाव लोकांना फडक्याने पाणी गाळायला शिकवलं, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, हँडपंप दिले, मुख्यतः ह्यावर तो देशातून गेला. शेवटचा रोगी 1996 च्या जुलैमध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं मान्य केलं. म्हणजे फडकं काय करू शकतं हे आपल्या देशाने करून दाखवलंय. बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या किमान चार पदरी घडीने गाळून पाहिलं, तर त्या गावांत कॉलरा 48 टक्क्यांनी कमी झाला, 2003 मध्ये ते छापून आलं, कारण कॉलऱ्याचा जीवाणू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतो आणि किडा अडला की तोही अडतो. पण बघ, नारूवर पूर्ण काम, कॉलऱ्यावर अर्धं काम आणि काविळीवर काहीच नाही. जितका जीव लहान तितकं फडकं हतबल.

म्हणून फडकं न्यायचंच, पण पहिल्या कामासाठी, पाणी नितळ करायला. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी घे, नवी नको, जुन्या सुताचे तंतू फुगून छिद्रं बारीक झालेली असतात. तुरटीचंही तसंच. आपली काळी माती इतकी बारीक असते की पावसाळ्यात घेतलेलं पाणी रात्रभर ठेवलं तरी चहासारखंच राहतं, आपोआप बसत नाही, तिथे तुरटीचा खडा बादलीत आठ-दहा वेळा फिरवला की अर्ध्या-पाऊण तासात मातीचे गोळे बनून खाली बसतात. मग वरचं पाणी हलक्या हाताने काढून घ्यायचं, बादली ढवळायची नाही. तुरटीने बऱ्याच जंतूंना पण मातीबरोबर खाली ओढलं जातं, पण ते मरत नाहीत, खाली चिखलात जिवंत बसलेले असतात. आपल्याकडे जंगलातली म्हातारी माणसं निवळीचं बी भांड्याला आतून घासून हेच काम करायची. तुम्ही नोव्हेंबरमध्ये जाणार तेव्हा पाणी तसंही स्वच्छ असेल, तुरटी लागणार नाही कदाचित, पण सुपारीएवढा खडा ओझ्याचा नसतो.

गढूळ पाणी फिल्टरमधून ओढू नका मात्र. ती काळी माती धाग्यांत अशी बसते की दुसऱ्या दिवशी दोघं मिळून बाटली दाबली तरी थेंब येत नाही. आधी साडी, मग फिल्टर, आणि रोज रात्री उलटं पाणी मारून धुवायचा. कधी हिमालयात गेलात तर रात्री फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं, ओला फिल्टर एकदा गोठला की धागे तडकतात आणि बाहेरून काही कळत नाही, तो तसाच दिसतो आणि सगळं सोडून देतो.

आता मारायचं काम. उकळण्यासारखं दुसरं काही नाही, जीवाणू, विषाणू, परजीवी तिन्ही जातात. पण लोक उगाच दहा-पंधरा मिनिटं उकळत बसतात आणि गॅस संपवतात. बुडबुडे कडेला दिसले म्हणजे उकळलं नाही, पाणी मधून खळखळ उलटायला लागलं पाहिजे, तशी एक मिनिट उकळी आली की बस. आपल्याकडे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, जंतू त्याच्या पुष्कळ आधीच मरायला लागतात. 2000 मीटरच्या वर गेलात तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. उकळलेलं पाणी बेचव लागतं म्हणून पोरं पीत नाहीत, तर एका भांड्यातून दुसऱ्यात दोन-चारदा उंचावरून ओत, चव परत येते.

पण हिशेब कर. आठ जण, दोन दिवस, पिण्याला आणि चहा-जेवणाला मिळून माणशी रोजचे चार लिटर धर, झाले 64 लिटर. घरून प्रत्येकाने तीन लिटर आणलं तर 24, उरले 40 लिटर, जे नाल्यातून घ्यावं लागणार. छोट्या स्टोव्हवर लिटरभर पाणी उकळायला माझ्या अनुभवात 12-15 ग्रॅम गॅस जातो, वारा असला तर जास्त. म्हणजे फक्त पाण्यासाठी अर्धा किलोच्या आसपास गॅस पाठीवर. आणि लाकडं पेटवायचा विचारच करू नका, नोव्हेंबरपासून सागाचा पाला वाळून खडखडीत व्हायला लागतो, एका ठिणगीत डोंगर पेटतो, आणि रात्री राहायची वनखात्याची परवानगी काढाल तेव्हा तेही तुम्हाला हेच सांगतील. म्हणून मी काय करते, रात्रीचं जेवण, चहा आणि झोपायच्या आधी प्रत्येकाची एक बाटली एवढंच उकळते, सकाळी ते पाणी गार मिळतं, आणि बाकी दिवसाचं पाणी फिल्टर करून त्यात क्लोरीनची गोळी. फिल्टरने जे सोडलं ते विषाणू क्लोरीनला पटकन मरतात आणि क्लोरीनला जे दाद देत नाही ते क्रिप्टोस्पोरिडियम फिल्टरमध्ये आधीच अडकलेलं असतं. दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात, म्हणून तुझ्या मित्राची बाटली वाया नाही गेली.

गोळीच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे ती किती लिटरची आहे. एक लिटरची वेगळी मिळते, 20 लिटरची वेगळी, दिसायला जवळपास सारख्या, मी 20 लिटरची गोळी एक लिटरच्या बाटलीत टाकून दिवसभर घसा जाळून घेतलेला मुलगा पाहिलाय, आणि उलटं झालं तर काहीच मरत नाही. दुसरं, अर्धा तास थांबायचं, पाणी खूप गार असेल तर तासभर, तुमच्याकडे पहाटे नाल्याचं पाणी चांगलंच गार असेल. अर्ध्या तासाने झाकण उघडून वास घे, नळाच्या पाण्याला कधीकधी येतो तसा हलका क्लोरीनचा वास यायला हवा, वास अजिबात नसेल तर घाणीनेच सगळं क्लोरीन खाल्लं असं समज, परत एक गोळी आणि परत अर्धा तास. तिसरं म्हणजे लिंबू, ग्लुकोज पावडर, ऑरेंज पावडर हे सगळं अर्ध्या तासानंतर. ह्यात सी व्हिटॅमिन असेल तर ते क्लोरीन मारून टाकतं, वास जातो म्हणून पोरांना आवडतं आणि ती गोळीबरोबरच टाकून मोकळी होतात, झालं, गोळी फुकट.

आणि बाटलीचं तोंड! ह्याच्यावर कुणी बोलत नाही. बाटली नाल्यात बुडवलीस की झाकणाच्या आट्यांमध्ये नाल्याचं पाणी राहतं, आत गोळी काम करते पण आट्या तशाच. गोळी टाकून पाच मिनिटांनी झाकण सैल कर, बाटली उलटी धर, थोडं औषधाचं पाणी आट्यांतून वाहू दे, मग घट्ट लाव. कच्चं पाणी भरायची बाटली वेगळी आणि प्यायची वेगळी ठेवा, कच्च्याच्या बाटलीला लाल रबर लावा म्हणजे अंधारात पण हाताला कळतं. आणि साबण. इतक्या वर्षांत पोरांना जुलाबाचा त्रास पाण्याने जेवढा दिला तेवढाच न धुतलेल्या हातांनी दिलाय.

पाणी कुठून घ्यायचं ह्याच्यावर थोडं. कुंडातून घेऊ नका, तिथे लोक आंघोळ करतात, पिकनिकवाले भांडी घासतात, आणि पावसाळ्यात तर कुंडाजवळ जायचंच नाही, 2011 च्या जुलैमध्ये पाताळपाणीला अचानक लोंढा आला आणि माणसं वाहून गेली ते इंदूर विसरलेलं नाही. जिथे म्हशी उतरतात त्याच्या वरच्या अंगाला जा. गव्हाचं शेत लागूनच असेल तर तो नाला सोडा, नोव्हेंबरमध्ये युरिया पडतो, पाणी सुटतं, आणि युरिया, फवारणीचं औषध, कारखान्याचं पाणी ह्यातलं काही उकळून जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं. हिरवा तवंग असलेलं साचलेलं पाणीही तसंच, त्याचं विष उकळीला दाद देत नाही. धार, झाबुआकडे काही ठिकाणी हँडपंपाला फ्लोराईड असतं, पण ते वर्षानुवर्षं पिणाऱ्याला बाधतं, दोन दिवसांत नाही. गाव लागलं तर तिथल्या बायकांना विचारा की तुम्ही स्वतः कुठल्या हँडपंपाचं पिता, त्या जो दाखवतील तो माझ्या लेखी नाल्यापेक्षा बरा.

चोरलच्या वाळूत तुला एक गोष्ट दिसेल, झिरी. नदीच्या धारेपासून दोन-तीन हातांवर वाळूत हाताने खड्डा करतात, आधी गढूळ पाणी येतं ते वाटीने उपसून फेकतात, परत भरतं, परत फेकतात, तिसऱ्या-चौथ्या वेळेला जे झिरपून येतं ते इतकं नितळ की तळाचा कण न् कण दिसतो. आदिवासी बाया बसून वाटी वाटीने हंडा भरतात. पाणी घ्यायला ह्याच्याइतकी चांगली जागा नाही, वाळूनेच गाळलेलं असतं, फिल्टर पण तुंबत नाही. पण मी ते तपासलंय म्हणून सांगते.

लॅबमधून मी पाण्याच्या तपासणीच्या छोट्या काचेच्या बाटल्या न्यायचे, एचटूएस वायल म्हणतात त्याला, ही पद्धत 1982 मध्ये आपल्याच ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली, आणि पुढे कितीतरी देशांत वापरली गेली. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबेत ठेवायचं, 24 ते 48 तासांत पाणी काळं झालं तर त्यात विष्ठेतले जीवाणू असण्याची दाट शक्यता. एकदा मी खिडकीत चार ओळीने ठेवल्या, कुंडाचं, नाल्याचं, झिरीचं आणि झिरीचंच फिल्टर न् क्लोरीन केलेलं. कुंडाची दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहालाच डांबरासारखी काळी. नाल्याची दुपारी. झिरीची दिवसभर तशीच होती, मला वाटलं वाचली, आणि रात्री दिवा लावून बघते तर तळाशी काळा धूर उतरल्यासारखा, दुसऱ्या सकाळपर्यंत सगळी काळी. चौथी मात्र तिसऱ्या दिवशीही मधाच्या रंगाचीच. काचेसारखं नितळ झिरीचं पाणी ते! मी ती बाटली नंतर कितीतरी वर्षं पोरांना फोटोत दाखवत आले. ही वायल विषाणू दाखवत नाही हे पण सांगून ठेवते.

बाकीचं झटपट. यूव्हीचा पेन चांगला आहे पण नितळ पाणी आणि चार्ज दोन्ही लागतं. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलं तर जीवाणू कमी होतात, घरी ठेवा, ट्रेकला त्याच्या भरवशावर जाऊ नका. काहीच उरलं नाही, गॅस संपला, गोळ्या भिजल्या, तर पाणी नितळ करून रंग नसलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात आडवी ठेवा, ढग असतील तर दोन दिवस. आणि तहानेने जीव चाललाय आणि साधन काहीच नाही अशी वेळ आली तर आहे ते पाणी प्या, जुलाबाला नंतर औषध मिळतं.

तुमच्यात कुणी गरोदर असेल तर तिच्यासाठी पाणी घरूनच न्या किंवा डोळ्यांसमोर उकळलेलंच द्या, हिपॅटायटिस ई गरोदर बाईच्या जिवावर उठतो, तिथे गोळीवर विसंबायचं नाही. ओआरएसची चार पाकिटं ठेवा, एक पाकीट एक लिटर शुद्ध केलेल्या पाण्यात, अर्धं पाकीट पेल्यात असलं काही नको. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आणि परत आल्यावर दहा आठवड्यांत कुणाला ताप, लघवी पिवळी, अन्नावरची वासना गेली असं काही वाटलं तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की जंगलातलं पाणी प्यायलोय आणि अमुक तारखेला. तारीख फोनमध्ये लिहूनच ठेवा.

गोळ्या आणल्यास की पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठव, किती लिटरची आहे आणि मुदत संपलेली नाही ना हे मी बघून सांगते, मगच निघा.